ग्रुपमध्ये रॉड मारायचा की एकट्याने? तालमीतल्या पोरांना हा प्रश्न कधी पडलाच नाही

१३ डिसेंबर म्हटलं की वारणानगरमध्ये पुढचं काही सांगावं लागत नाही. सहकारमहर्षी तात्यासाहेब कोरे यांची पुण्यतिथी आणि त्यानिमित्त भरणारं कुस्त्यांचं मैदान. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंतचे शौकीन गोळा होतात. वारणेच्या संस्थांच्या नावाने किताब ठरलेले असतात. हलगी कडाडते, शड्डू ठोकला जातो आणि एवढ्या गर्दीत लाल मातीवर फक्त दोघं उरतात.

बघणाऱ्याला वाटतं, कुस्ती म्हणजे एकट्याचा खेळ. पण त्या दोघांपैकी एकानेही आपलं शरीर एकट्याने कमावलेलं नसतं. पहाटे उठवायला कुणीतरी होतं, माती उकरायला सोबत चौघं होते, लढतीला जोडीदार होता आणि कडेला बसून सगळं बघणारा वस्ताद होता.

हे आठवायचं कारण म्हणजे सध्या मोबाईलवर फिरणारी रिल्स. मोठ्या शहरातल्या चकाचक जिमचा हॉल, कानठळ्या बसवणारं गाणं, समोर माईक लावलेली ट्रेनर आणि तीस-चाळीस जण एकाच ठेक्यावर रॉड वर-खाली करतायत. खाली कमेंटमध्ये ठरलेलं भांडण. एक गट म्हणतो, याने काय बॉडी होते, हा तर डान्स आहे. दुसरा म्हणतो, एकट्याने कोपऱ्यात आरशात बघत वजन मारून कंटाळा येतो, इथे निदान रोज जावंसं तरी वाटतं.

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. कोणाचं किती, ते बघू.

हा प्रकार आला कुठून?

ग्रुपमध्ये बारबेल मारण्याच्या क्लासचं जगभर गाजलेलं रूप म्हणजे 'बॉडीपंप'. तो जन्मला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. लेस मिल्स हे ऑलिंपिकमध्ये उतरलेले गोळाफेक आणि थाळीफेकपटू, पुढे ते ऑकलंडचे महापौरही झाले. त्यांच्या कुटुंबाची जिम होती आणि त्यांचा मुलगा फिलिप मिल्स याने हा क्लास तयार केला.

त्या काळी जिममध्ये दोन वेगळी जगं होती. एका हॉलमध्ये एरोबिक्स, तिथे बहुतेक बायका. दुसऱ्या हॉलमध्ये लोखंड, तिथे बहुतेक पुरुष. बॉडीपंपने रॉड उचलून एरोबिक्सच्या हॉलमध्ये आणून ठेवला. साधारण तासाभराचा क्लास, दहाएक गाणी आणि प्रत्येक गाण्याला शरीराचा एक भाग. एका गाण्यात स्क्वॉट, दुसऱ्यात छाती, मग पाठ, दंड, खांदे, शेवटी पोट. रॉड हलका आणि प्लेट छोट्या, पण चार-पाच मिनिटांचं गाणं संपेपर्यंत थांबायचं नाही. कंपनीच्याच म्हणण्यानुसार एका क्लासमध्ये ८०० च्या आसपास रेप्स होतात.

आपल्याकडे हे अगदीच नवीन आहे असंही नाही. शाळेच्या मैदानावरचं लेझीम आठवा. हातात हलकं वजन, हलगीचा ठेका, पन्नास पोरं एकाच वेळी वाकतायत, वळतायत, उठतायत. अर्ध्या तासात घामाने शर्ट भिजतो, पण थकलो म्हणून मध्येच कुणी बाहेर पडत नाही, कारण रांग मोडते.

आणि दुसऱ्या गटाचंही आपल्याकडचं रूप आहे, ते म्हणजे गोटी. गावातल्या मारुतीच्या देवळापाशी ठेवलेला गोल, गुळगुळीत, जड दगड. तो एकट्याने उचलायचा, खांद्यावर घ्यायचा. त्याला ठेका नाही, गाणं नाही. उचलला किंवा नाही उचलला, एवढंच.

लेझीम खेळणाऱ्याला गोटी उचलता येईल का? आणि गोटी उचलणारा अर्धा तास लेझीम खेळेल का? कमेंटमधलं सगळं भांडण खरं तर एवढंच आहे.

हलक्या वजनाने काय होतं आणि काय होत नाही?

हलक्या वजनाने स्नायू वाढतच नाहीत, असं जिममधले जुने लोक छातीठोकपणे सांगतात. ते चूक आहे.

२०१५ साली अमेरिकेतल्या ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधीपासून व्यायाम करणाऱ्या १८ तरुणांचे दोन गट केले. एका गटाने एका सेटमध्ये ८ ते १२ रेप्स निघतील एवढं जड वजन घेतलं, तर दुसऱ्याने २५ ते ३५ रेप्स निघतील एवढं हलकं. आठवडे आठ, दिवस आठवड्याला तीन आणि प्रत्येक सेट हात-पाय थांबेपर्यंत. शेवटी स्नायूंची जाडी मोजली, तर दोन्ही गटांत ती जवळपास सारखीच वाढलेली.

पण ताकद मोजली तेव्हा चित्र बदललं. एका वेळी जास्तीत जास्त किती वजनाचा स्क्वॉट निघतो, हे बघितलं तर जड वजनवाल्यांचा आकडा सुमारे २० टक्क्यांनी वाढला होता. हलक्यावाल्यांचा ९ टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे स्नायूला वजन किती आहे यापेक्षा आपण किती थकलो हे जास्त कळतं. ताकद मात्र जड उचलल्यानेच येते, कारण ताकद हे निम्मं मेंदूचं काम आहे. एकाच क्षणी जास्तीत जास्त स्नायूतंतू कामाला लावायचे, हे मज्जासंस्थेला शिकावं लागतं आणि हलक्या वजनावर ते शिकायची तिला गरजच पडत नाही.

यात एक मेख आहे. प्रयोगातली पोरं प्रत्येक सेटला पूर्ण थकेपर्यंत जात होती. क्लासमध्ये तसं होतंच असं नाही, कारण तिथे सेट आपण थकल्यावर संपत नाही, गाणं संपल्यावर संपतो. नव्या माणसाचे दंड दुसऱ्या मिनिटाला भरून येतात आणि वर्षभर येणारी ताई शेवटच्या ठेक्यापर्यंत हसत असते. दोघींच्या रॉडवर बऱ्याचदा वजन तेवढंच असतं.

ग्रुप क्लासचा खरा कच्चा दुवा हा आहे. पहिले तीन-चार महिने फरक झपाट्याने दिसतो, शरीर बांधेसूद होतं, दम वाढतो. मग गाडी अडकते. गाणी बदलतात, स्टेप बदलतात, घाम तेवढाच येतो आणि प्लेट मात्र त्याच. सांगलीच्या संकेत सरगरचं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्णपदक १ किलोने हुकलं. त्याच्या एकूण २४८ ला मलेशियाच्या खेळाडूचे २४९ भारी पडले. या खेळात किलो-किलोचा हिशेब असतो. पदक नको असलं तरी आपल्या रॉडवर सहा महिन्यांपूर्वी किती होतं आणि आज किती आहे, एवढं तरी माहीत हवं.

मग एकट्याने मारणारा बरोबर?

तोही नाही. कागदावर बघितलं तर एकट्याचा व्यायाम सरस असतो. वजन आपल्या मापाचं, विश्रांती आपल्या मापाची, दर आठवड्याला थोडी प्लेट वाढवायची. पण हे होतं कधी? पहाटे अलार्म बंद न करता उठलं तर. चौथा सेट 'आज राहू दे' न म्हणता मारला तर. वारणानगरच्या कॉलेजांमध्ये शिकायला आलेल्या आणि खोली घेऊन राहणाऱ्या पोरांना विचारा. जूनमध्ये जिमची वर्षाची फी भरलेल्यांपैकी परीक्षेनंतर किती जण परत जातात?

यावर एक जुना आणि गमतीदार प्रयोग आहे. १९२० च्या दशकात ओटो कोहलर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या रोइंग क्लबातल्या खेळाडूंना रॉड दिला आणि बाहू थकेपर्यंत कर्ल मारायला लावले. आधी एकेकट्याने, मग जोडीने. जोडीत रॉड दुप्पट जड आणि दोघांनी मिळून उचलायचा. एकाने सोडला की दुसऱ्यालाही पेलणार नाही. तेव्हा दोघांतला कमजोर गडी एकट्याने टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आपल्यामुळे दुसरा थांबला, ही गोष्ट त्याला सहन होत नव्हती. दोघांच्या ताकदीत थोडासा फरक असेल तेव्हा हा परिणाम सगळ्यात चांगला दिसला. फारच फरक असला की कमजोर गडी आधीच हात टेकतो.

तालमीत लहान पोराची जोड कुणाशी लावायची हे वस्ताद ठरवतो, त्यामागे हेच डोकं असतं. फक्त त्याला जर्मन नाव नव्हतं.

याच्या अगदी उलट प्रयोगही आहे. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावला. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. आठ जण लागले तेव्हा प्रत्येकाचा वाटा एकट्याने ओढताना लागतो त्याच्या जवळपास निम्म्यावर आला होता. थोडा भाग दोर एकाच वेळी न ओढला गेल्याचा, पण थोडा भाग 'बाकीचे ओढतायत की' याचाही.

दोन्ही प्रयोग माणसांना एकत्र आणूनच केलेले, मग निकाल उलटे का? एकात आपण ढिले पडलो की लगेच कळतं, दुसऱ्यात कळत नाही. चाळीस जणांच्या क्लासमध्ये मागच्या रांगेत उभं राहून पाठ वाकवून रॉड ओढणाऱ्याला कुणी बघत नाही. गर्दी आहे, पण सोबत नाही. उलट तिघंच असतील तर चुकायला जागा नसते.

कुरुंदवाडने काय केलं?

वारणानगर पन्हाळा तालुक्यात आणि कुरुंदवाड त्याच कोल्हापूर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरोळ तालुक्यात. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं, नरसोबाच्या वाडीच्या शेजारचं छोटं गाव. २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत या गावाच्या पोरांनी वेटलिफ्टिंगमध्ये कांस्यपदकं आणली. गणेश माळीने ५६ किलो गटात, ओंकार ओतारीने ६९ किलो गटात. एवढ्याशा गावातून एकाच स्पर्धेत अशी पदकं म्हटल्यावर तो निव्वळ योगायोग मानणं अवघड आहे.

वेटलिफ्टिंग दिसायला एकट्याचा खेळ. मंचावर खेळाडू एकटा आणि समोर रॉड. सराव मात्र एका छपराखाली, एकमेकांच्या डोळ्यांसमोर होतो. एक जण उचलतो तेव्हा बाकीचे बघतात. कोपर उशिरा वळलं, टाच उचलली गेली, रॉड शरीरापासून लांब गेला, हे उचलणाऱ्याला स्वतःला कळत नाही. कडेला उभ्या असलेल्याला कळतं. आणि पुढचा येतो तेव्हा प्लेट बदलल्या जातात. कुणाचं वजन कुणाच्या गळ्यात पडत नाही.

तालमीतही तसंच. सगळे एकाच वेळी आखाड्यात उतरतात, पण जोर-बैठकांचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. नव्या पोराला शंभरावर थांबवतात आणि जुना पैलवान हजारावर जातो. एकत्र असणं म्हणजे एकसारखं असणं, ही गल्लत तिथे कुणी करत नाही. ती गल्लत ठेक्यावर चालणाऱ्या क्लासने केली, कारण ठेका एकच असतो.

देखरेखीचा फायदा मोजलेलाही आहे. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० पुरुषांना १२ आठवडे एकच वेळापत्रक दिलं. काहींसोबत प्रत्येक वेळी ट्रेनर उभा, बाकीचे आपापले. ट्रेनरवाल्यांची ताकद जास्त वाढली, कारण त्यांनी वजनं लवकर वाढवली. वेळापत्रक तेच होतं, फरक फक्त बाजूला उभ्या असलेल्या माणसाचा.

दुखापत नक्की कुठे होते?

दोन्हीकडे होते, पण वेगळ्या तऱ्हेने.

एकट्याचा सगळ्यात मोठा धोका बेंच प्रेसला. शेवटची रेप अडकली, रॉड छातीवर बसला आणि हॉलमध्ये कुणी नाही. अशा वेळी प्लेटना क्लिप लावलेली असेल तर सुटका अवघड, कारण रॉड तिरका करून प्लेट सरकवून टाकता येत नाहीत. एकट्याने मारायचंच असेल तर दोन्ही बाजूंना आडव्या पट्ट्या असलेला रॅक हवा. तो नसेल तर क्लिप लावू नका, अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला ठेवा आणि अजून दोन रेप्स निघतील असं वाटतंय तिथेच थांबा. आणि इगो घरी ठेवा. बाजूचा ऐंशी मारतोय म्हणून आपणही ऐंशी लावायचे, हे सोबतीचं सगळ्यात वाईट रूप आहे.

क्लासमधला धोका वेगळा. तिथे वजन कमी असल्याने काही चिरडत नाही. पण थकलेल्या पाठीने सत्तरावा रेप मारताना कंबर वाकते, आणि ठेका पुढे पळत असल्याने थांबायला लाज वाटते. त्यातून पहिल्याच दिवशी उत्साहात शेवटपर्यंत ताणणाऱ्यांना क्वचित एक गंभीर त्रास होतो. स्नायू एवढे मोडतात की त्यातला मजकूर रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. व्यायामानंतर एक-दोन दिवसांत स्नायू प्रचंड सुजले, हात-पाय हलवणं जमेना आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर घरगुती लेप लावत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. म्हणून पहिल्या दिवशी क्लासला जाताना सगळ्यात हलक्या प्लेट घ्याव्यात आणि तीन-चार गाणी झाली की बाहेर पडावं. कुणी हसलं तर हसू द्यावं.

बायकांनी जड उचलावं का?

तालमीचं सगळं गुणगान करताना हे मान्य करावं लागतं की त्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या बायका आत गेल्या नाहीत. ग्रुप क्लासने त्यांना रॉडपर्यंत आणलं, हे त्याचं सगळ्यात मोठं काम. पुरुषांनी भरलेल्या जिमच्या कोपऱ्यात एकटीने रॉड धरायला जी बाई धजावत नाही, ती वीस जणींसोबत सहज धरते.

पण तिथेच थांबावं का, हा प्रश्न पाळी गेल्यानंतर जास्त महत्त्वाचा होतो. तेव्हा हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. हलक्या वजनाच्या आणि भरपूर रेप्सच्या बारबेल क्लासने कण्यातली ही झीज काही प्रमाणात थोपवता येते, असं ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात दिसलं होतं. त्याच देशात ग्रिफिथ विद्यापीठाने मग पुढचं पाऊल टाकलं. हाडं विरळ झालेल्या १०१ बायका घेतल्या, सरासरी वय ६५. एका गटाला घरी करायचे हलके व्यायाम दिले. दुसऱ्याला आठवड्यातून दोनदा फक्त अर्धा तास, प्रशिक्षित माणसाच्या नजरेखाली, डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि डोक्यावर रॉड ढकलणं. पाच रेप्सचे पाच सेट आणि वजन खरोखर जड. पण त्या वजनावर पहिल्या दिवशी नेलं नाही. पहिला महिना फक्त पद्धत शिकण्यात घालवला.

आठ महिन्यांनी जड उचलणाऱ्या बायकांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. आणि दुखापत? एका बाईची पाठ थोडी आखडली, एवढंच.

याचा अर्थ उद्या आईला घेऊन रॅकखाली उभं करा असा नाही. रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा आधी मणक्याचं फ्रॅक्चर असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. पण 'या वयात कशाला वजन' हे वाक्य मात्र आता आवरायला हवं. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगते आणि त्यातून साठीच्या आजीला वगळत नाही.

मग वारणानगरमध्ये राहणाऱ्याने करायचं काय?

गाण्यावर चालणारा क्लास जवळपास असेल आणि व्यायामाची सवयच नसेल, तर तिथून सुरुवात करण्यात काहीच वावगं नाही. दोन-तीन महिन्यांत रॉड धरायची भीती जाते आणि सवय लागते. फक्त ट्रेनर रांगांमधून फिरतो की नाही ते बघा. जो पूर्ण तास स्टेजवरच असतो, त्याला तुमची कंबर दिसत नाही.

क्लास नसेल तरी अडत नाही. तिघं पुरतात. ताकद कमी-जास्त असलेलेच बरे. एक रॅक, एक रॉड आणि एक शंभर पानी वही. स्क्वॉट आज ४० किलोने पाच रेप्स निघाला तर तसं लिहायचं आणि जमेल तोवर आठवड्याला अडीच किलो वाढवायचे. आठ आठवडे न अडखळता गेले तर ६० किलो होतात. अडखळलं तर वजन थोडं उतरवून पुन्हा चढायचं.

आणि जड सेटनंतर लागते ती दोन-तीन मिनिटांची विश्रांती. एकटा माणूस त्या वेळात मोबाईल काढतो आणि दहा मिनिटं रिल्स बघत बसतो. तिघं असले की तो वेळ आपोआप भरतो. एक उचलतो, दुसरा मागे हात देऊन उभा राहतो आणि तिसरा वहीत आकडा लिहून प्लेट काढायला लागतो. दोघांचे सेट आटोपेपर्यंत पहिल्याची पाळी आलेली असते.